बायकोसाठी पिस्तूल आणि माझी एक्सेल शीट

शनिवार सकाळ. चहाचा दुसरा कप, बाहेर ह्यूस्टनचा नेहमीचा चिकट उकाडा. मुलगी कार्टून बघतेय आणि बायको अजून झोपलीय, कारण काल तिची संध्याकाळची पाळी होती. ह्या वेळात मी सहसा काहीतरी निरुपद्रवी लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे. वाचून काही जणांच्या भुवया वर जातील, त्याला इलाज नाही. आमच्या आईच्याही गेल्या होत्या.

तर झालं असं. बायको इथल्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. पाळी रात्री ११ ला संपते. गाडी लावायची ती बहुमजली पार्किंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. दीडेक वर्षापूर्वी एका रात्री लिफ्टपासून गाडीपर्यंत एक माणूस तिच्या मागे मागे आला. ती थांबली की तोही थांबायचा. ती गाडीत बसली, दारं लॉक केली. त्याने काचेवर दोनदा टकटक केलं, हसला आणि निघून गेला. बस्स. पोलिसात सांगण्यासारखंही काही नाही. "काही झालं नाही रे," असं तीच मला तीनदा म्हणाली. मग वरणभात गरम केला आणि जेवता जेवता सहज विचारल्यासारखं विचारलं, "अरे, आपण पिस्तूल घ्यायचं का?"

आता मी नाशिकचा मध्यमवर्गीय माणूस. बंदूक म्हणजे बँकेच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या वॉचमनची दुनळी, आणि ती बहुधा वॉचमनपेक्षा म्हातारी. पण इथे टेक्सासात ऑफिसातल्या निम्म्या लोकांकडे पिस्तूल असतं आणि ते लॉन मोवरबद्दल बोलावं तितक्या सहजपणे त्याबद्दल बोलतात. मी हो म्हणालो. आणि कुठलाही इंजिनिअर करेल तेच केलं: एक्सेल शीट उघडली.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांना पुढचं वाचायला नको. नवऱ्याने बायकोसाठी पिस्तूल निवडू नये. तिला रेंजवर न्यावं, मुलीला सांभाळावं, पैसे द्यावेत आणि गप्प बसावं. हे शहाणपण मला आधी नव्हतं. ते मला दोन महिने आणि एका दुखऱ्या मनगटाच्या बदल्यात मिळालं. (मनगट तिचं, म्हणून अजून ऐकून घेतोय.)

आधी कायद्याचं

हा भाग रटाळ आहे, पण आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही किंवा तुमची बायको एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा व्हिसावर असाल तर विषय इथेच संपला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या नादी लागू नका. मित्राबरोबर गंमत म्हणून रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल हातात घेणंसुद्धा ह्यात अडकू शकतं, हे कित्येकांना माहीत नसतं. एका दुपारच्या फोटोपायी ग्रीन कार्डावर पाणी सोडावं लागेल. आणि नवऱ्याचं ग्रीन कार्ड झालंय पण बायकोचं बाकी आहे, अशा वेळी नवऱ्याने घेऊन तिला दिलं तर तो त्याचाही गुन्हा. आमचं दोघांचं ग्रीन कार्ड झालेलं होतं, म्हणून पुढची गोष्ट घडली.

दुकानात घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो, मग दुकानदार सरकारी यंत्रणेकडून तुमची तपासणी करून घेतो. फॉर्मवर पहिल्याच काही प्रश्नांत विचारतात: खरा खरेदीदार तुम्हीच का? स्वतःच्या पैशाने घेऊन भेट द्यायला परवानगी आहे, घेणारी व्यक्ती कायद्याने पात्र असेल तर. पण दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी घेतलं आणि "मीच" म्हणून सही केली तर तो गुन्हा. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर असाच खटला आला होता. एका माजी पोलिसाने सवलतीत मिळतं म्हणून काकांच्या पैशाने त्यांच्यासाठी पिस्तूल घेतलं. काका पूर्णपणे पात्र होते, तरी ह्याची शिक्षा कायम राहिली. आम्ही सोपा मार्ग धरला. फॉर्म तिने भरला, सही तिने केली, पिस्तूल तिचं.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवाना नसतानाही पिस्तूल बाळगता येतं. तरी परवाना मिळतो आणि तो काढावा असं माझं ठाम मत आहे. एकतर तो बाकीच्या बऱ्याच राज्यांत चालतो. आणि दुसरं म्हणजे त्यासाठी कायद्याचा वर्ग करावा लागतो आणि ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. परीक्षा फार अवघड नाही. पण जी व्यक्ती एवढंही करायला तयार नाही, तिने कमरेला पिस्तूल लावून किराणा आणायला जावं हे मला पटत नाही.

एक्सेल शीट आणि न्यूटनबाबा

माझ्या शीटमध्ये रकाने होते: वजन, लांबी, जाडी, गोळ्या, किंमत. लपवून बाळगायचंय, तर वजन आणि जाडी जितकी कमी तितकं बरं, असं सरळ गणित. सॉर्ट मारलं की वर काय येणार? रूगर एलसीपी, २००८ मध्ये आलेलं, ते तर जेमतेम २७० ग्रॅम. आणि माझं लाडकं म्हणजे स्मिथ अँड वेसनचं ६४२: पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर, घोडा आत झाकलेला म्हणून कपड्यात अडकत नाही, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. बाहेर कुठलंही बटण नाही, लिव्हर नाही. चाप ओढा, गोळी सुटते. "अगं, ह्यात बिघडण्यासारखं काही नाहीच," मी म्हणालो. बायकांसाठी छोटं रिव्हॉल्व्हर, हा सल्ला इथल्या दुकानांत पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. त्यामुळे मला आपण काही चूक करतोय असं वाटलंच नाही.

रेंजवर ते भाड्याने मिळालं. तिने पाच गोळ्या झाडल्या. पहिली कागदावर, बाकीच्या चार कुठे गेल्या ते देव जाणे. पिस्तूल खाली ठेवून तिने मनगट चोळलं आणि म्हणाली, "हे मला आवडलं नाही." मी म्हणालो, "सवय होईल." (पुरुषजातीचं आवडतं वाक्य.)

घरी येताना गाडीत मला अकरावीचं फिजिक्स आठवलं. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते, दोघांचा संवेग सारखा. म्हणजे तीच गोळी वापरली आणि बंदुकीचं वजन निम्मं केलं, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट. मी शीटमध्ये वजन कमी करत करत नेमका धक्का वाढवत होतो! जे खिशात ठेवायला सगळ्यात सोपं, ते झाडायला सगळ्यात अवघड. वर त्याची नळी बोटभर, त्यामुळे पुढची आणि मागची माशी इतकी जवळ की हाताची जराशी थरथर कागदावर चार बोटं सरकते. लहान पिस्तूल हे नवशिक्यांचं नाही, मुरलेल्या लोकांचं काम आहे. आणि आपण ते नवशिक्या बायकांच्या हातात देतो, कारण पर्समध्ये मावतं.

दुसरी गंमत चापाची. ६४२ चा चाप ओढायला साधारण पाच किलोंच्या वर जोर लागतो. म्हणजे बंदुकीच्या स्वतःच्या वजनाच्या दहा-बारापट जोर एका बोटाने लावायचा आणि तेवढ्यात बंदूक हलू द्यायची नाही. करून बघा. रिव्हॉल्व्हर वापरायला सोपं आहे ह्याचा अर्थ "समजायला सोपं" एवढाच.

हे फक्त इथलंच आहे असं समजू नका. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने 'निर्भीक' नावाचं .३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून बाजारात आणलं. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतरचे ते दिवस. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि पेटी दागिन्यांच्या डब्यासारखी. हलकं, छोटं, सुंदर. चालवणारीच्या हाताला किती दणका बसेल, सरावाला गोळ्या आणि जागा कुठून मिळणार, हे प्रश्न जाहिरातीत नव्हते. आपल्याकडे परवाना मिळवणं किती कठीण आहे ते सोडाच. इथे अमेरिकेत तेच काम गुलाबी रंग करतो. दुकानातल्या माणसाने बायकोला गुलाबी मुठीचं पिस्तूल दाखवलं, तेव्हा ती त्याला शांतपणे म्हणाली, "माझा हात मोजा, आवड नको." त्या दिवसापासून दुकानातले लोक माझ्याऐवजी तिच्याशी बोलायला लागले.

मग तिने स्वतः शोधलं

तिने एका बाईंचा वर्ग लावला. प्रशिक्षिका साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाजही शाळेतलाच. त्यांनी पहिला तासभर गोळीच दिली नाही. फक्त चार नियम. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि नेमाच्या पलीकडे काय आहे ते माहीत असू द्या. चारांपैकी एक मोडला तरी सहसा निभावतं, दोन एकदम मोडले की माणूस मरतो, असं त्या म्हणाल्या.

दुसरं म्हणजे त्यांनी तिला स्लाइड ओढायला शिकवलं. पिस्तुलाची स्लाइड मागे ओढायला बायकांच्या हातात जोर नसतो, म्हणून त्यांना रिव्हॉल्व्हर द्या, हा आणखी एक ऐकीव सल्ला. खरं तर बरेचदा प्रश्न जोराचा नसतो, पद्धतीचा असतो. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढायला गेलं की मलाही जड जातं. पिस्तूल छातीजवळ घ्या, डाव्या हाताने स्लाइड वरून मुठीत घट्ट धरा आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकला. झालं. माझी बायको बरणीचं झाकण उघडायला मला हाक मारते, ती पाच मिनिटांत हे शिकली. (झाकणाचं काय ते आता मला कळेनासं झालंय.)

मग तिने पाच-सहा पिस्तुलं भाड्याने घेऊन झाडली. २०१८ मध्ये आलेलं सिग सावरचं पी-३६५ तिला हाताळायला आवडलं. लहान असून त्यात ९ मिमीच्या १०+१ गोळ्या मावतात, वजन अर्धा किलो. ह्या पिस्तुलानंतर बाजारच बदलला, त्याआधी एवढ्या आकारात सहा-सात गोळ्यांवर समाधान मानावं लागायचं. पण दोन मॅगझिन झाली की तिचा हात थकायचा आणि पुढच्या गोळ्या खाली जायच्या. शेवटी तिचं मन बसलं ते त्याच वर्षी आलेल्या स्मिथ अँड वेसनच्या शील्ड ईझीवर, .३८० वालं. आकाराने माझ्या शीटमधल्या सगळ्या पिस्तुलांपेक्षा थोराड, सव्वापाचशे ग्रॅम, ८+१ गोळ्या, स्लाइड मुद्दाम हलकी केलेली. शीटमध्ये ते सोळाव्या नंबरवर होतं.

मी वाद घातलाच. .३८० म्हणजे ९ मिमीपेक्षा कमी ताकदीची गोळी, एफबीआयनेसुद्धा मोठ्या गोळ्या सोडून ९ मिमीवर येऊन थांबायचं ठरवलं, त्याच्या खाली कशाला जायचं वगैरे. ती म्हणाली, "लागलेल्या गोळ्या मोजूया की झाडलेल्या?" आणि कागद दाखवला. सात यार्डांवरून आठच्या आठ गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. एफबीआयनेही ९ मिमी निवडताना नेमकं हेच कारण दिलं होतं: धक्का कमी असला की बहुतेक माणसांचा नेम सुधारतो.

भरवसा म्हणजे काय हो?

आता आपल्या धंद्यातलं. "रिलायेबल आहे" हे वाक्य आपण सर्व्हरबद्दल जितक्या सैलपणे वापरतो, तितक्याच सैलपणे लोक पिस्तुलाबद्दल वापरतात. रूढ सल्ला असा की जी गोळी प्रत्यक्ष बाळगणार त्याच गोळ्या दोनशे झाडून बघा, एकही अडकली नाही तर भरवसा ठेवा. सल्ला चांगला आहे, पण संख्याशास्त्र काय म्हणतं? सलग ठरावीक वेळा काही चुकलं नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण ३ भागिले तेवढ्या वेळा ह्यापेक्षा कमी आहे. दोनशेला ३ भागिले २००, म्हणजे दीड टक्का. दीड टक्का खरा धरला तर आठ गोळ्यांत एकदा तरी अडकण्याची शक्यता ११ टक्के निघते. हा वाईटात वाईट हिशेब आहे, प्रत्यक्षात चांगली पिस्तुलं ह्याहून खूप बरी असतात. पण "दोनशे झाडल्या, आता निर्धास्त" असं म्हणणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं. आम्ही पाचशेच्या वर झाडल्या तेव्हा मी गप्प झालो.

आणि भरवसा एकट्या पिस्तुलाचा नसतोच. एक भाड्याचं छोटं पिस्तूल (नाव सांगत नाही, दोष त्याचा एकट्याचा नव्हता) माझ्या हातात ५० पैकी ५० चाललं. तिच्या हातात त्याच दिवशी, त्याच डब्यातल्या गोळ्यांवर, दोनदा अडकलं. आपल्याकडे म्हणतात ना, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" कारण असं की स्लाइडला मागे जायला पाठीमागून घट्ट आधार लागतो. मनगट ढिलं पडलं की पिस्तूलच मागे जातं, स्लाइड अर्ध्यातून परत फिरते आणि रिकामं काडतूस मध्येच अडकतं. पिस्तूल जितकं लहान, स्लाइडचा प्रवास जितका आखूड, तितका हा त्रास जास्त. म्हणून चाचणी करायची ती पिस्तूल, मॅगझिन, गोळी आणि तो हात, सगळं एकत्र धरून. माझ्या हातातल्या चाचणीचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

अडकलं तर काय करायचं ह्याचाही सराव हवा. पिस्तुलात मॅगझिनच्या बुडाला थाप मारायची, स्लाइड ओढून सोडायची, पुन्हा नेम. रिव्हॉल्व्हरची इथे बाजू वरचढ: गोळी फुसकी निघाली तर नुसता चाप पुन्हा ओढायचा. पण रिव्हॉल्व्हर खरोखर आतून अडकलं तर मात्र अवजारं लागतात, जागच्या जागी काही होत नाही.

अजून एक. नव्या मॉडेलची पहिली आवृत्ती घेताना सावध राहा. २००८ मध्ये नव्याकोऱ्या एलसीपीची पिस्तुलं पडल्यावर गोळी सुटू शकते म्हणून कंपनीने परत मागवली होती. २०२० मध्ये ९ मिमीच्या शील्ड ईझीची काही पिस्तुलं घोड्याच्या दोषापायी परत बोलावली गेली. जुनं घेत असाल तर नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. सॉफ्टवेअरला पॅच येतो, इथे पार्सल करावं लागतं.

पर्स

माझ्या शीटमध्ये "पर्समध्ये मावेल का" असा रकाना होता. तो मी आता लाजेने काढून टाकलाय. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहो राज्यातल्या एका मोठ्या दुकानात एका आईच्या पर्समधलं पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागलं. पर्स साधी नव्हती, पिस्तुलासाठी चेनचा वेगळा कप्पा असलेली खास पर्स होती. आई जागीच गेली. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि आईची पर्स म्हणजे तिचा खजिना: लिपस्टिक, च्युइंगगम, चिल्लर. ही बातमी वाचल्यावर आमची चर्चा अर्ध्या मिनिटात संपली. पर्स आपण खांद्यावरून काढून ठेवतो, विसरतो, कोणीतरी हिसकावतं. पिस्तूल अंगावर असेल, नाहीतर कुलपात. तिसरी जागा नाही.

अंगावर म्हणजे कमरेला, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये, चांगल्या जाड पट्ट्यावर. मऊ कापडी होल्स्टर नको, ते दुमडून चापात जाऊ शकतं. आणि इथे बायकांच्या कपड्यांचा प्रश्न येतो, जो एकाही नवऱ्याच्या शीटमध्ये नसतो. जीन्स आणि सैल शर्ट ठीक. पंजाबी ड्रेसला पट्टाच नाही. गणपतीला साडी नेसून मंडळात जाताना तर विषयच नको. तिने सरळ ठरवलं: जे कपडे घातल्यावर नीट बाळगता येत नाही, त्या दिवशी बाळगायचं नाही.

ज्यासाठी घेतलं, तेच राहिलं

आता खरी गोम. सगळं झाल्यावर, म्हणजे पिस्तूल घरी आल्यावर, एका रात्री ती म्हणाली, "पण हॉस्पिटलात आत नेता येत नाहीच." दारावर पाटी आहे. टेक्सासच्या २०११ च्या कायद्यामुळे नोकराला आपल्या कुलूपबंद गाडीत ठेवायला बहुतेक ठिकाणी मालक मनाई करू शकत नाही. म्हणजे पिस्तूल गाडीत, ती आत, आणि रात्री ११ वाजता लिफ्टपासून गाडीपर्यंत ती पुन्हा रिकाम्या हातांनीच चालणार. ज्या पन्नास पावलांसाठी आम्ही हा सगळा उपद्व्याप केला, त्याच पन्नास पावलांत पिस्तूल नाही! शिवाय गाडीतून पिस्तुलं चोरीला जातात ती वेगळीच.

मी दोन महिने उत्तर शोधत होतो आणि प्रश्न काय आहे ते विचारलंच नव्हतं. ऑफिसात ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याला रिक्वायरमेंटवर लेक्चर दिलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने सिक्युरिटीला फोन केला. गाडीपर्यंत सोबत देण्याची सोय हॉस्पिटलात आधीपासून होती, कोणी मागत नव्हतं एवढंच. आता ११ वाजता सुटणाऱ्या चौघी-पाच जणी एकत्र खाली येतात, बरोबर एक गार्ड. शिवाय गाडी तळमजल्यावर, दिव्याखाली. खर्च शून्य.

मग पिस्तूल घेतलं ते वाया गेलं का? मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, "नाही. पण ते कशासाठी नाही ते आता कळलं." रात्री ऑस्टिनहून मुलीला घेऊन एकटीने गाडी चालवत येताना ते तिच्या कमरेला असतं. मी ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेलो की घरात असतं. बाकी दिवस तिजोरीत.

आणि तिजोरीबद्दल

हे लिहू की नको असा विचार करत होतो. तिला विचारलं, ती म्हणाली लिही.

मुलगी झाल्यावर सात-आठ महिने बायको नैराश्यातून गेली होती. औषधं, समुपदेशन, सगळं झालं, ती बरी झाली. पिस्तूल घ्यायच्या आदल्या आठवड्यात तिनेच विषय काढला. "ते दिवस परत आले तर?" अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून जास्त लोकांचा बारा वर्षं मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या आठपट निघालं. बायकांत पस्तीसपट. हे आकडे मी माझ्या शीटमध्ये टाकले नव्हते. चोराची भीती वाटते म्हणून आपण शस्त्र घेतो आणि खरा धोका बरेचदा घरातल्याच एखाद्या वाईट रात्रीचा असतो.

म्हणून आमचा करार असा. तिजोरी पलंगाशेजारी, भिंतीला बोल्ट केलेली, चार बटणांची. दोघांपैकी कोणीही, कधीही, कारण न देता म्हणालं की "पिस्तूल बाहेर", तर त्याच दिवशी ते घराबाहेर जाईल. ज्या दुकानातून घेतलं तिथे ठेवून घेण्याची सोय आहे, तेही आधीच विचारून ठेवलंय. हा करार फक्त तिच्यासाठी नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या क्षेत्रात ज्या रीतीने सोमवारी सकाळी माणसांचे लॅपटॉप बंद पडलेत, ते बघता तो माझ्यासाठीही आहे. आणि ज्या घरात नवरा हात उगारतो त्या घरात हा विषय पिस्तुलाने सुटत नाही, चिघळतो. तिथे पिस्तुलाआधी बाईने घराबाहेर पडायची सोय हवी.

आईला शेवटी फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिला नीट येतं ना चालवता? आणि पोरीचा हात पोचत नाही ना?" दोन महिन्यांच्या एक्सेल शीटचं सार आईने दोन प्रश्नांत काढलं.

परवान्याच्या परीक्षेत बायकोला २५० पैकी २३८ मिळाले. मला २२१. विषय बंद.

असो. ती उठली वाटतं. आज महिन्यातला रेंजचा शनिवार, पन्नास गोळ्यांचा सराव आणि येताना समोसे. पोरीला शेजारच्या काकूंकडे सोडायचंय. चहा पुन्हा टाकतो.